मठातली चौकस बाई

खुनाची गोष्ट वाचायला घेतली की मला आधी एक बंद दार लागतं. गाव मोठं असेल, स्टेशन जवळ असेल, रात्री उशिराची गाडी असेल, तर खुनी निसटणार आणि आपल्याला पानोपानी त्याच्यामागे धावावं लागणार. एवढी दगदग मला पुस्तकातसुद्धा सोसत नाही. आपल्याला बरी अशी जागा, जिथे माणसं मोजकी, भिंती उंच, रात्री फाटकाला अडसर आणि सकाळच्या मोजणीत एक जण कमी. अशी जागा शोधत गेलेला वाचक हटकून युरोपातल्या मध्ययुगीन मठाच्या दाराशी येऊन पोचतो. मुडदा सापडण्यासाठी माणसाने याहून सोयीची इमारत बांधलेली नाही.

ही सोय लेखकांच्या ध्यानात यायला मात्र बराच वेळ लागला. १९७७ साली एडिथ पार्जेटर या इंग्रज लेखिकेने एलिस पीटर्स या टोपणनावाने ब्रदर कॅडफेल नावाचा एक संन्यासी वाचकांसमोर आणला. हे महाशय तरुणपणी धर्मयुद्धात तलवार गाजवून आलेले आणि उतारवयात श्रूजबरीच्या मठात वनौषधींची बाग राखणारे. १९८० मध्ये उंबेर्तो एकोने आपल्या कादंबरीत इटलीतल्या डोंगरावरच्या एका मठात एकामागून एक संन्यासी मारले आणि त्या निमित्ताने वाचकांकडून बरंच तत्त्वज्ञानही वाचून घेतलं. पण हे झाले बाप्ये. बाप्यांना घोड्यावर टांग टाकून बाजारात जाता येतं, शेरीफबरोबर दोन घोट घेत चौकशी करता येते. खरी अडचणीची, आणि म्हणून खरी गमतीची गोष्ट पुढे सुरू झाली. १९९२ मध्ये मार्गारेट फ्रेझर या नावाने 'द नॉव्हिसेस टेल' प्रसिद्ध झाली आणि खुनाचा तपास एका ननच्या हाती आला.

मार्गारेट फ्रेझर ही एक बाई नव्हतीच. मेरी मोनिका पल्व्हर आणि गेल फ्रेझर या दोन अमेरिकन लेखिकांनी मिळून घेतलेलं ते नाव. पहिली सहा पुस्तकं दोघींनी मिळून लिहिली, मग गेल फ्रेझरने एकटीने गाडा पुढे ओढला आणि एकूण सतरा कादंबऱ्या झाल्या. त्यांची नायिका डेम फ्रेविस. काळ १४३० च्या दशकापासून पुढचा, जागा ऑक्सफर्डशरमधला सेंट फ्राइड्सवाइड नावाचा एक काल्पनिक, लहानसा, पैशांची कायम ओढगस्त असलेला मठ. मामला काल्पनिक असला तरी फ्रेविसचे नातेवाईक अस्सल आहेत. तिचे काका थॉमस चॉसर हे खरोखरचे गृहस्थ, कवी जेफ्री चॉसरचे चिरंजीव आणि इंग्लंडच्या कॉमन्स सभेचे अनेकदा सभापती झालेले. पुतणी मठात खुनी हुडकते आहे आणि काका दरबारात राजकारण हुडकताहेत, अशी या घराण्याची कामाची वाटणी आहे.

आता एक क्षण आपण स्वतःला फ्रेविसच्या जागी ठेवू. मठाच्या पाहुणघरात कुणी मेलं आहे. आपल्याला संशय आला आहे. गुप्तहेराने करायची पहिली गोष्ट कोणती? जागेवर जाऊन पाहणं. पण १२९८ साली पोप आठवे बोनिफेस यांनी फर्मान काढलं आहे की ननांनी मठाच्या आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि बाहेरच्यांनी सबळ कारणाशिवाय आत यायचं नाही. दुसरी गोष्ट, चार लोकांना विचारणं. पण मठात मौनाचे तास ठरलेले आणि काही जागी तर बोलायचंच नाही. जेवणाच्या वेळी मीठ, भाकरी, मासा, सगळं हातवाऱ्यांनी मागायचं. लंडनजवळच्या साययन मठात अशा खुणांची एक लांबलचक यादीच होती, त्यात मासा हवा असेल तर हात माशाच्या शेपटीसारखा हलवायचा असतो. मासा मिळेल हो, पण 'काल संध्याकाळी मयताच्या पेल्याजवळ तू काय करत होतीस?' हे शेपूट हलवून कसं विचारणार? तिसरी गोष्ट, चौफेर नजर. पण संत बेनेडिक्टच्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि शेवटच्या पायरीवरच्या माणसाची मान कायम खाली, नजर जमिनीवर.

एवढ्यावरही भागत नाही. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या संत बर्नार्डनी या बारा पायऱ्यांच्या समोर अहंकाराच्या बारा पायऱ्या मांडल्या. माणूस घसरायला लागतो तेव्हा पहिलं पाऊल कुठे पडतं? मला वाटलं होतं, लोभावर किंवा रागावर पडत असेल. बर्नार्ड म्हणतात, चौकसपणावर. ज्याचे डोळे इकडेतिकडे भिरभिरतात, ज्याची मान ताठ असते, ज्याचे कान टवकारलेले असतात, तो संन्यासी बिघडायला लागला असं खुशाल समजावं. हे वर्णन वाचताना मला हसू आवरेना. बर्नार्डनी पापाची पहिली पायरी म्हणून ज्याचं चित्र काढलं आहे, तो हुबेहूब गुप्तहेर आहे! म्हणजे फ्रेविसने खुनी पकडला की ती न्यायाची सेवा करते आणि त्याच वेळी अध:पाताच्या जिन्यावरची पहिली पायरी उतरते. होम्सला व्हायोलिन वाजवून मन शांत करता येत होतं. या बिचारीला प्रत्येक उकललेल्या गुन्ह्यानंतर कन्फेशनला बसणं भाग आहे.

त्यातून घंटा. मठात दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना असते. घंटा झाली की हातातलं काम टाकून उठायचं, हा नियम. मी या कादंबऱ्या वाचताना त्या घंटेची धास्तीच घेतली आहे. साक्षीदार ओठ उघडतो, आता नाव सांगणार, वाचक श्वास रोखतो, आणि तेवढ्यात ठण्ण! बाई उठतात आणि शांतपणे स्तोत्रं म्हणायला जातात. बाहेरचा कुठलाही डिटेक्टिव्ह अशा वेळी घंटेला चार शिव्या हासडील. फ्रेविस मात्र चौकशी अर्धी टाकून जाते आणि स्तोत्र चालू असतानाच तिला अर्धं कोडं सुटतं. कारण तासभर गप्प उभं राहायचं, तोंडाने पाठ असलेले शब्द म्हणायचे आणि डोकं मोकळं ठेवायचं, ही चैन पोलिसांच्या नशिबी कधीच नसते.

हीच घंटा दुसऱ्या बाजूने तपासाच्या कामी येते. मठातलं प्रत्येक माणूस दिवसातून आठ वेळा एका ठरलेल्या जागी उभं असतं. अमुक प्रार्थनेला सगळ्या जणी होत्या, तमुक प्रार्थनेला एक उशिरा आली, तिच्या झग्याचा काठ ओला होता. खून झाला कधी, हे ठरवायला घड्याळ नको आणि डॉक्टरही नको. आठवण चांगली असली म्हणजे झालं, आणि दुसरीच्या उशिरा येण्याबद्दल ननांची आठवण फार चांगली असते.

हे मी गमतीने म्हणत नाही. त्या काळी बिशप अधूनमधून मठाच्या तपासणीला यायचे. एकेका ननला वेगळं बोलावून घ्यायचे आणि विचारायचे, मठात सगळं ठीक आहे ना? काही जणी 'सगळं ठीक' एवढेच शब्द उच्चारून मोकळ्या व्हायच्या. या दोन शब्दांच्या मागे किती धाक आणि किती गट्टी लपलेली असेल, ते बिशपनाही कळत असावं. पण काही जणी बोलायच्या, आणि बिशपचा कारकून ते सगळं लिहून ठेवायचा. लिंकनचे बिशप विल्यम अल्निक यांच्या काळातल्या अशा जबान्या टिकल्या आहेत. १४४१ साली अँकरविक मठाच्या प्रमुख क्लेमन्स मेडफर्ड यांच्याविरुद्ध दिलेली तक्रार वाचली की कुठल्याही फौजदाराने शिकवणी लावावी असं वाटतं. बाई रत्नजडित सोन्याच्या अंगठ्या घालतात. कमरपट्ट्यावर चांदीचा मुलामा. रेशमी बुरखा, आणि तोही इतका वर ओढून घेतात की कपाळ साऱ्या जगाला दिसतं. गळ्यात रेशमी दोरी आणि त्या दोरीत हिऱ्याची अंगठी. आत घालायचं कापड रेन गावचं, एलला सोळा पेन्स भावाचं.

आता हे शेवटचं वाक्य पाहा. एल म्हणजे कापड मोजायचं माप. साक्ष देणारी बाई मठाच्या भिंतीआड राहते, नजर जमिनीवर ठेवण्याची शपथ तिने घेतली आहे, आणि प्रमुखबाईंच्या झग्याच्या आतल्या कापडाचा पोत, गाव आणि बाजारभाव तिला तोंडपाठ आहे. आमच्या चाळीत कुणाच्या पिशवीत पापलेट आहे आणि कुणाच्या पिशवीत बांगडा, हे पिशवी न उघडता सांगणाऱ्या बायका होत्या. त्यांची ही थोरली बहीण शोभते. बर्नार्डसाहेबांच्या बारा पायऱ्या तिने वाचल्या नसाव्यात, किंवा वाचून विसरली असावी.

पुढच्याच वर्षी, १४४२ मध्ये, कॅट्सबीच्या मठात उलटं झालं. तिथे प्रमुखबाईंनीच फिर्याद केली की डेम इझाबेल बेनेट ही गेल्या सोमवारी नॉर्थॅम्प्टनला गेली, ऑगस्टिनियन फ्रायर साधूंच्या संगतीत मध्यरात्रीपर्यंत ल्यूट वाजवली आणि नाच केला, आणि दुसऱ्या रात्री डॉमिनिकन फ्रायरांकडे जाऊन तेच केलं. वार सांगितला, वेळ सांगितली, वाद्य सांगितलं, आणि कुठल्या पंथाला कुठली रात्र दिली तेही सांगितलं. इतकी चोख जबानी आजच्या कोर्टात मिळत नाही. याआधी १३८७ मध्ये विंचेस्टरच्या बिशपना रॉम्सीच्या ननांना लेखी ताकीद द्यावी लागली होती की प्रार्थनेला येताना पक्षी, ससे आणि शिकारी कुत्रे बरोबर आणू नका. आयलीन पॉवर या इतिहासकार बाईंनी १९२२ मध्ये या सगळ्या दप्तरांतून इंग्लंडच्या ननांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात पोपसाहेबांच्या त्या फर्मानाचं काय झालं तेही कळतं. १३०० साली बिशप डाल्डर्बी ते फर्मान वाचून दाखवायला मार्कियेटच्या मठात गेले. वाचून झालं, बिशप निघाले. काही नना त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत धावत गेल्या आणि तो कागद त्यांनी बिशपच्या डोक्याच्या दिशेने भिरकावला. 'आम्ही हे पाळणार नाही' असं त्या ओरडल्याही, पण हातवाऱ्यांची भाषाच पुरेशी होती.

तेव्हा फ्रेविस ही काही लेखिकांच्या डोक्यातून पडलेली आधुनिक बाई नव्हे. तिच्या डोळ्यांना लागणारं सगळं शिक्षण मठ देतच होता. फक्त ते डोळे बुरख्याच्या उंचीवरून काढून पेल्यातल्या गाळाकडे वळवायचे, एवढंच लेखिकांना करावं लागलं.

शिवाय मठात खुनाचं साहित्य आयतं मिळतं. आजारी माणसांसाठी बाग असते आणि बागेत औषधं असतात. खुरासनी ओवा थोडा दिला तर दातदुखी थांबते, जास्त दिला तर दातवालाही थांबतो. बचनाग सांधेदुखीवर बाहेरून चोळायचा, चुकून पोटात गेला तर सांध्यांची काळजी उरत नाही. बागेची जबाबदारी असलेली नन ही नेहमी गरीब, प्रेमळ आणि विसराळू असते आणि वाचक पहिल्या प्रकरणापासून तिच्या कपाटाच्या किल्लीवर नजर ठेवून बसलेला असतो. संशयितांचीही ददात नसते, कारण दारी आलेल्या पाहुण्याला येशू समजून घरात घ्यावं असा बेनेडिक्टचा नियम आहे. 'द नॉव्हिसेस टेल'मध्ये दीक्षेला उत्सुक असलेल्या थॉमसिन नावाच्या मुलीची गडगंज आणि गडगडाटी आत्याआजी लवाजमा घेऊन मठात थडकते, आणि पाहुणचार उरकायच्या आत मरते. पाहुणा देवासारखा असतो हे खरं, पण तो वारला म्हणजे घरच्या मंडळींकडे बोट दाखवलं जातं, हे नियमावलीत लिहिलेलं नसतं.

मठाबाहेर तेव्हा खुनाचा छडा कसा लावत? हे वाचलं की फ्रेविसबद्दलचा आदर दुणावतो. ११९४ पासून इंग्लंडात कॉरोनर नावाचा अंमलदार होता. अचानक मेलेल्या माणसाची चौकशी करायची, पंचांना बोलवायचं, हे त्याचं काम. पण त्याच्या वहीत मयताच्या बरोबरीने पैशाचा हिशेब असे, कारण खुन्याची मालमत्ता राजाला मिळायची. एखादा माणूस गाडीखाली सापडून मेला तर ज्या गाडीने तो मेला तिची किंमतही राजाकडे जमा. डुकराने मारलं तर डुक्कर गेलं. ही पद्धत थेट १८४६ पर्यंत चालली. पुन्हा नॉर्मन राज्य आल्यापासून आणखी एक मेख होती. सापडलेला मुडदा इंग्रजाचा आहे असं गावाने सिद्ध केलं नाही तर तो नॉर्मनाचा समजून गावाला दंड व्हायचा. १३४० पर्यंत गावकरी प्रेताच्या डोक्याशी बसून शपथेवर सांगत होते की हा आमच्यातलाच, गरीब बिचारा इंग्रज.

आणि ज्याला मुडदा प्रथम दिसला त्याची तर वाटच लागायची. त्याने आरडाओरडा करून गाव जमवायचं, जामीन द्यायचे, न्यायाधीश येतील तेव्हा हजर राहायचं. न्यायाधीश कधीकधी काही वर्षांनी येत. तेव्हा शहाणा माणूस मुडदा दिसला की आभाळाकडे बघत चालू लागायचा. धीट असेल तर रात्री मुडदा उचलून शेजारच्या गावच्या हद्दीत नेऊन ठेवायचा. शेजारचं गाव काही कमी नव्हतं. अशा मुलखात मुडद्याजवळ आपणहून थांबणारी, वाकून पाहणारी आणि 'याला कुणी मारलं?' असं विचारणारी व्यक्ती म्हणजे एकतर खुळी असणार किंवा जिला गमावण्यासारखं काही नाही अशी असणार. ननकडे स्वतःच्या मालकीचं काहीच नसतं. राजा तिच्याकडून दंड वसूल करणार कशाचा, जपमाळेचा?

या सगळ्या वाचनात मला सर्वांत आवडलेलं प्रकरण मात्र कादंबरीतलं नाही. १३१८ साली यॉर्कचे आर्चबिशप विल्यम मेल्टन यांनी बेव्हर्ली गावच्या डीनना एक पत्र पाठवलं. यॉर्कच्या सेंट क्लेमेंट मठातली जोन ऑफ लीड्स नावाची नन बेव्हर्लीत राहते आहे असं कानावर आलं आहे, तिला हुडकून परत पाठवा, असा त्याचा मतलब. यात नवल काय, ननांचं पळून जाणं तेव्हाही अधूनमधून व्हायचं. नवल हे की यॉर्कला जोनची कबर होती. तिने आजारी पडल्याचं सोंग केलं, दुखणं बळावल्याचं सोंग केलं, शेवटी मेल्याचंही केलं. स्वतःच्या आकाराचं एक बुजगावणं बनवलं. साथीदारांनी ते गुंडाळून प्रेत म्हणून पुढे केलं, आणि मठाच्या पवित्र भूमीत, मंत्रपाठासह, त्याचं दफन झालं. इकडे भगिनी जोनच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होत्या आणि तिकडे आत्मा शरीरासकट बेव्हर्लीच्या रस्त्याला लागला होता. आर्चबिशपांच्या दप्तरातली ही नोंद २०१९ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लोकांसमोर आणली तेव्हा सातशे वर्षांनी जोनची बातमी झाली.

रहस्यकथेचे सगळे नियम या बाईने एका दमात उलटे केले. मुडदा आहे पण खून नाही, कबर आहे पण मयत नाही, आणि गुन्हेगार व बळी एकच. मला उत्सुकता त्या बाहुल्याची आहे. ते कशाने भरलं असेल? वजन कसं जमवलं असेल? तिरडी खांद्यावर घेणाऱ्यांना ती हलकी वाटली नसेल का? आणि ज्या मठात आतल्या कापडाचा भाव ओळखणाऱ्या बायका असतात, तिथे प्रेताच्या जागी बुजगावणं आहे हे खरोखरच कुणाला कळलं नसेल? माझा आपला संशय आहे की दोघी-तिघींना चांगलं कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली, नजर जमिनीवर ठेवली आणि बेनेडिक्टची बारावी पायरी त्या दिवशी मनापासून पाळली. बिशपनी विचारलं असतं तर त्यांनी 'सगळं ठीक' म्हटलं असतं.

फ्रेविसच्या दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, आणखी एक नन कादंबरीत तपासाला निघाली, तीही आठ शतकं मागे जाऊन. पीटर ट्रेमेन या नावाने लिहिणारे पीटर बेरेसफर्ड एलिस हे केल्टिक इतिहासाचे अभ्यासक. त्यांची सिस्टर फिडेल्मा सातव्या शतकातल्या आयर्लंडची, मन्स्टरच्या राजघराण्यातली, तांबड्या केसांची आणि कायद्याची पदवी घेतलेली वकील. काळ जितका जुना तितकी बाई जास्त बांधलेली, असा आपला समज असतो. फिडेल्मा तो दुसऱ्याच पानावर मोडून टाकते. ती घोड्यावर बसते, राजांना खडे सवाल करते, समुद्र ओलांडून जाते. या कादंबऱ्यांतल्या आयरिश चर्चमध्ये संन्यस्तांना लग्नाची मोकळीक असल्याने पुढे ती एडुल्फ या सॅक्सन संन्याशाशी रीतसर संसारही थाटते. बोनिफेसच्या फर्मानाला अजून सहा शतकं अवकाश आहे, तोवर तिने मुलूख पाहून घेतला.

तिची पहिली कादंबरी घडते ६६४ साली, इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबीच्या धर्मसभेत. ही सभा खरोखर भरली होती आणि तिचं यजमानपद हिल्ड नावाच्या एका मठाध्यक्षेकडे होतं. तिच्या मठात स्त्रिया आणि पुरुष दोघंही होते आणि हुकूम तिचा चालायचा. सभेपुढचा प्रश्न होता ईस्टर कधी धरायचा. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्विउ आयरिश पंचांग मानायचा आणि केंटमध्ये वाढलेली त्याची राणी रोमचं. परिणाम असा की काही वर्षी राजेसाहेब ईस्टरची मेजवानी झोडायचे आणि त्याच वेळी राणीसाहेबांचे उपास चालू असायचे. एका घरात एक जण उपाशी आणि समोर दुसरा ताव मारतोय, यातून धर्मसभा निघाली यात आश्चर्य नाही. खून निघाला नाही हेच आश्चर्य. ते उणं ट्रेमेननी भरून काढलं. आयरिश बाजू मांडायला आलेल्या किल्डेअरच्या मठाध्यक्षेचा मुडदा पाडला आणि दोन्ही पक्ष एकमेकांवर धावून जायच्या आत फिडेल्माला कामाला लावलं.

खऱ्या सभेत दोन्हीकडच्या पंडितांनी चंद्र-सूर्याची गणितं मांडली. राजाने ती ऐकली आणि शेवटी एकच सवाल टाकला, स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत? संत पीटरकडे, यावर दोघांचंही एकमत. तर मग, राजा म्हणाला, त्या दरवाजावरच्याशी मी वाकडं घेणार नाही. उद्या मी पोचलो आणि त्याने दार उघडलंच नाही तर? निकाल रोमच्या बाजूने लागला. हा सगळा वृत्तान्त बीड नावाच्या संन्याशाने ७३१ मध्ये पुरा केलेल्या इतिहासात आहे. चौकीदाराशी गोडीत राहावं हे शहाणपण राजाला कुठल्या मठात शिकावं लागलं नाही.

फिडेल्मा ज्या कायद्याची वकील, तो आयर्लंडचा ब्रेहन कायदा. त्यात खुन्याला फासावर देण्यापेक्षा मयताच्या घरच्यांना भरपाई देण्यावर भर असे, आणि भरपाई मयताच्या दर्जाप्रमाणे, गाईंच्या हिशेबात. बडी असामी कायद्याला दाद देत नसेल तर फिर्यादीने तिच्या दाराशी जाऊन उपाशी बसायचं. मालकाला मग घास गिळणं कठीण. हे वाचताना मराठी माणूस 'अरे, हे तर धरणं!' असं म्हणाल्याशिवाय राहत नाही. हे काही मलाच सुचलेलं नाही. हिंदुस्थान सरकारात कायदा सदस्य राहून गेलेले हेन्री मेन यांनी १८७५ मध्येच या दोन रिवाजांची सांगड घातली होती. त्यांना आपल्याकडचं धरणं ठाऊक होतं, त्यामुळे आयरिश पोथीतला उपाशी सावकार त्यांना ओळखीचा वाटला.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे, तर तेराव्या शतकातल्या महादाइसेची आठवण मला याच ओघात येते. ती महानुभाव पंथातली संन्यासिनी आणि धवळे रचणारी कवयित्री. गुप्तहेरी तिने केली नाही, पण प्रश्न विचारायची तिची हौस चक्रधरस्वामींच्या भक्तपरिवारात सर्वांना ठाऊक होती. ही बाई सतत काहीबाही पुसत असते, अशी तिची ओळख खुद्द स्वामींनी करून दिली, आणि ती कौतुकाने करून दिली. क्लेअरव्हॉच्या मठात हीच बाई असती तर बर्नार्डनी तिला पहिल्या पायरीवर उभं केलं असतं. पुढे म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा करायला घेतल्या तेव्हा ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठून, विचारून, आठवणी पारखून त्यांनी लीळाचरित्र उभं केलं. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही टिपला. साक्षी जमवण्याची ही रीत एखाद्या उत्तम तपासाला साजेशी आहे, आणि त्या साक्षीदारांत महादाइसेची आठवण फार मोलाची ठरली. जी आयुष्यभर विचारत राहिली तिला सांगण्यासारखंही पुष्कळ होतं.

मला वाटतं ननने केलेल्या तपासाची खरी गोडी तपास संपल्यावर कळते. पोलीस कादंबरीत बेड्या पडल्या की पुस्तक मिटतं. इथे तसं होत नाही. खुनी चर्चच्या आश्रयाला गेला तर चाळीस दिवस त्याला हात लावता येत नाही आणि नंतर हाती क्रूस घेऊन बंदरापर्यंत चालत जाऊन देश सोडला तर जीव वाचतो. ज्यूरी तर बहुतेकांना सोडूनच द्यायची. फ्रेविसला हे सगळं माहीत असतं. खुनी सापडला म्हणून ती हात झटकत नाही, कारण ज्याने मारलं त्याच्या आत्म्याचं काय, हा प्रश्न तिच्यापुढे तसाच उभा असतो. मेलेल्यासाठी प्रार्थना करायची आणि मारणाऱ्यासाठीही. दोघांची नावं एकाच दिवशी, एकाच ओठांवर. काही कादंबऱ्यांत ती जे शोधून काढते ते सांगायचं की गिळून टाकायचं, याचा निर्णय तिला जास्त जड जातो. मराठी रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या संगतीत वाढलेल्या मला ही कातर जागा नवीन होती. तिथे गुन्हेगार पकडला की टाळ्या वाजवून आम्ही दुसरं पुस्तक वाचनालयातून आणत असू.

आणि म्हणूनच संत बर्नार्डशी माझं जमता जमता राहतं. दुसऱ्याच्या झग्याच्या कापडाचा भाव काढणारा चौकसपणा आणि दुसऱ्याच्या मरणाचं कारण काढणारा चौकसपणा, हे एकाच डोळ्यांतून निघतात. पहिला नको म्हणून डोळेच मिटायला सांगितलं तर दुसराही जातो, आणि मग बुजगावण्याला मूठमाती मिळते व खऱ्या मयताला न्याय मिळत नाही. मठातल्या झाडून साऱ्या बायकांनी माना खाली घालाव्यात, पायऱ्या मोजाव्यात, मौन पाळावं, हे सगळं मला मान्य आहे. फक्त खून झाल्याच्या दिवशी निदान एकीची मान वर असावी, आणि तिचं कन्फेशन ऐकणाऱ्या पाद्रीबुवांनी प्रायश्चित्त जरा बेतानेच सांगावं.